आवाज त्याचा नव्हता

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला वेड्यात काढायला नको. भूतबाधा, करणी, बाहेरचं... यातलं मी काहीही मानत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. दर शनिवारी लिंबू-मिरचीवाला येतो, सगळ्यांच्या शटरला बांधत बांधत येतो आणि माझं दुकान सोडून पुढं जातो. त्याला माहीत आहे, इथं काही मिळायचं नाही.

आणि खोटा फोटो कसा करायचा हा तर माझा धंदाच. उभ्या जन्मात ज्यानं कोट घातला नाही त्याला मी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोट घालतो, गॉगल लावतो, मागं वाघ उभा करतो. त्यामुळं स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवणारा मी माणूस नव्हे. तरीपण जे घडलं ते घडलं. जसं आठवतंय तसं लिहितो.

माझी बायको वैशाली — आम्ही सगळे वैशूच म्हणतो — तिला ऐकू येत नाही. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात कान गेले. पण ती ओठ वाचते. समोर बसून मराठी बोललात तर निम्मं ओठावरून आणि निम्मं अंदाजानं, असं करत तिला सगळं कळतं. हिंदी मात्र फारसं नाही. स्वतः ती बोलते, पण एका सुरात, चढ-उतार नसलेलं. गल्लीतल्यांना सवय आहे, नवीन माणूस जरा दचकतो.

माझी थोरली बहीण सुमनआक्का मलकापूरला असते. बाजारपेठेत तिचं साड्यांचं दुकान आहे. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. आक्का म्हणजे एकदम खमकी बाई. गिऱ्हाइकानं जास्त घासाघीस केली तर साडी हातातनं काढून घेऊन घडी घालणारी. तिला कुणी फसवेल हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

तर एक दिवस ती सकाळच्या बसनं आमच्याकडं आली. हातात पिशवी, चेहऱ्यावर वेगळंच तेज. चहा घेता घेता म्हणाली, "संज्या, दुकानाचा गाळा इकतोय मी. गिऱ्हाईक कोल्हापूरचंच हाय. उद्या दुपारी कागद करायचा."

मी कपच खाली ठेवला. "इकतीस? आणि मग खाणार काय?"

"मी लगीन करणार हाय."

वैशूनं तिचे ओठ वाचले आणि माझ्याकडं बघितलं. आपण बरोबर वाचलं का, असा चेहरा.

त्याचं नाव राजन कपूर. कॅनडात इंजिनिअर, बोलणं सगळं हिंदीत. बायको वारलेली. एका व्हिडिओ चॅटच्या ॲपवर ओळख झाली, रोज कॉल असतो. आता त्याचे पैसे तिकडं कुठल्यातरी चौकशीत अडकलेत, ते सुटले की तो भारतात येणार आणि इथंच राहणार. तोवर आक्कानं मदत करायची. तुम्ही वाचणाऱ्यांनी अशा बातम्या कितीतरी वाचल्या असतील. मीही वाचल्या होत्या. पण स्वतःची बहीण समोर बसून तेच सांगायला लागते ना, तेव्हा ती बातमी राहत नाही.

"आक्का, ही टोळी असती. फसवणूक हाय ही."

"तू बघितलाईस का त्यांना? संध्याकाळी कॉल येतोय. बघ आणि मग बोल."

संध्याकाळी कॉल आला. आक्कानं फोन डब्याला टेकवून उभा केला. पन्नाशीच्या आसपासचा माणूस. चष्मा, बारीक मिशी, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट. पडवीसारख्या जागेत खुर्चीवर बसलेला. चेहरा इतका साधा आणि प्रेमळ, की मलाही क्षणभर वाटलं, असा माणूस कशाला फसवेल. आवाज मात्र भारदस्त, हिंदी. "सुमन जी, आज आप बहुत थकी हुई लग रही हैं।"

आवाज आणि तोंड जुळत नव्हतं. आक्का म्हणाली, "कॅनडाहून येतंय न्हवं, मागं-पुढं हुतंय."

मग मी चेहऱ्याकडं बघणं सोडलं. सवयीनं मागचं बघत होतो. दोन मिनिटांत चित्र अडकलं, "नेटवर्क, नेटवर्क" म्हणत कॉल बंद झाला.

"आक्का, त्याच्या मागं पोफळ हाय."

"मग?"

"कॅनडात बर्फ पडतंय. पोफळ कुठली तिथं?"

"काचंचं घर हाय त्यांचं, त्यात लावल्यात. तुलाच समदं कळतंय व्हय?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "जेवलीस का म्हणून दिवसातनं एकदा तरी मला कोण इचारतंय सांग की. ते इचारत्यात."

मी डब्याला टेकवलेला फोन आडवा ठेवला.

वैशू कॉलभर फोनकडंच बघत होती. मी स्वयंपाकघरात गेलो तशी मागून आली, माझा दंड धरला.

"तो हिंदी बोलत नव्हता," ती म्हणाली.

"बरोबर आहे. कुणाचातरी जुना व्हिडिओ चालवतात आणि मागून दुसराच बोलतो."

"मराठी बोलत होता. विकू नका म्हणाला."

मी हसलो. खरंच हसलो. तिला म्हटलं, आक्कानं विकायचं काढलंय, तेच तुझ्या डोक्यात होतं, म्हणून तसं दिसलं. पण त्या संध्याकाळी तिच्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्का नवी साडी नेसून तयार. गाळा घेणारा दुपारी येणार होता. त्याआधी राजनचा कॉल ठरलेला. मी म्हटलं, "एवढा खात्रीचा माणूस हाय तर वैशूला समोर बसू दे. ती ओठ बघंल. मी माझ्या फोनवर शूटिंग करतो." आम्हाला खोटं पाडायचं म्हणून आक्का लगेच तयार झाली.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. खाली गल्लीत पोरं फुटबॉल खेळत होती, त्यांचा आरडाओरडा चालू होता. भीती वाटावी असं काहीही नव्हतं तिथं, हे मुद्दाम सांगतो.

कॉल लागला. तोच शर्ट, तीच खुर्ची.

"सुमन जी, बस आज काग़ज़ हो जाए, फिर मैं टिकट निकालता हूँ..."

वैशू फोनच्या पुढ्यात बसली होती. आवाजाबरोबरच तिनं बोलायला सुरुवात केली. तिच्या त्या सपाट सुरात, एकेक शब्द सुटा.

"सुमनताई. विकू नका. हा आवाज माझा नाही."

"वैशू, गप बस," आक्का म्हणाली.

"हा माणूस कोण... मला माहीत नाही. मी तुम्हाला रोज सांगतो. तुम्हाला ऐकू जात नाही."

फोनमधला आवाज हसला. "कौन है वहाँ? भाभी जी हैं क्या?" तो बोलायचा थांबला... पण चित्रातले ओठ थांबले नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिकडं पूर्ण शांतता आणि ओठ हलतायत, भराभर, जीव तोडून.

वैशू बोलत होती. "त्या दिवशी तुम्ही शटर खाली ओढलं. गल्ल्यापाशी बसून रडत होता. भावजींचा स्वेटर मांडीवर घेऊन. तेव्हाही हेच सांगत होतो."

आक्काचा हात तोंडावर गेला. स्वेटरचं तिनं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मला नाही, पोराला नाही. त्या राजनशीसुद्धा ती तेव्हा 'डोकं दुखतंय' एवढंच बोलली होती. स्वेटर खाली, मांडीवर होता, कॅमेऱ्यात येत नव्हता.

आक्का फोनवर वाकली. "तुम्ही कोण?"

"मैं राजन, और कौन?" आवाज म्हणाला.

"श्रीकांत," वैशू म्हणाली. "कलमवाला श्रीकांत. मला इथं सारखं बसवतात. उठू देत नाहीत."

चित्र अडकलं. तोंड उघडं राहिलेल्या अवस्थेत. मग कॉल बंद.

मग आक्का उठली, नवी साडी बदलली, गाळा घेणाऱ्याला फोन लावला आणि आपल्या नेहमीच्या दुकानातल्या आवाजात म्हणाली, "पावणं, व्यवहार ऱ्हायला. यायची तसदी घेऊ नका."

सायबर पोलिसांकडं तक्रार दिली. त्यांनी ऐकून घेतलं, नंबर वगैरे लिहून घेतले. राजननं पुढं आक्काला आधी विनवण्या, मग घाणेरड्या शिव्या असे मेसेज पाठवले आणि ते खातं गायब झालं.

इथपर्यंत मी स्वतःला समजावू शकत होतो. म्हणजे वैशूनं नणंदेला वाचवण्यासाठी नाटक केलं असेल, असंही मला वाटलं. स्वेटर तिनं कधीतरी मलकापूरला बघितला असेल. तसं तिला विचारलंसुद्धा. ती इतकी दुखावली की दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मी माझ्या फोनवरचं शूटिंग काढलं. तिला म्हटलं, बस आणि पुन्हा वाच. तिनं बघितलं, मागं घेऊन पुन्हा बघितलं. तिचा चेहरा बदलला.

"काडीला तिरका काप द्यायचा," ती वाचू लागली. "मग प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. आत हवा जाता कामा नये..." ती थांबली. "हे वेगळंच आहे. तेव्हा असं नव्हतं."

शूटिंगमध्ये वैशूचा आवाज स्पष्ट आहे, विकू नका, हा आवाज माझा नाही. आक्काचं 'तुम्ही कोण?' आहे. राजनचं हिंदी आहे. आणि पडद्यावरचा माणूस शांतपणे, मध्येच थोडा हसत, कलम कसं बांधायचं ते सांगतोय. राजन गप्प झाल्यावर ओठ भराभर हलत होते ना, तिथंही तो आरामात बोलतोय. ते तर मी माझ्या डोळ्यांनी वेगळं बघितलं होतं.

त्या चित्रातला चेहरा कापून मी नेटवर शोधला. सापडायला वेळ लागला नाही. कोकणात साखरप्याच्या पुढं एका वाडीत त्याची रोपवाटिका होती, गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. आंब्या-काजूची कलमं कशी बांधायची याचे व्हिडिओ तो टाकायचा. तीच पडवी, तीच पोफळ, तोच शर्ट. नाव श्रीकांत. शेवटच्या व्हिडिओखाली सगळे श्रद्धांजलीचे मेसेज होते. जुने.

म्हणजे वैशूनं ते नाव घेतलं तेव्हा तो माणूस जाऊन काही वर्षं झाली होती, आणि आम्हा तिघांपैकी कुणीही तो चॅनेल कधी बघितलेला नव्हता.

आक्का म्हणाली, "मला त्यांच्या घरी जायाचं हाय."

"कशाला?"

"घरच्यांना कळाय नको व्हय, त्यांचा चेहरा कोण वापरतंय ते? आणि... मला जायाचं हाय. बास."

मित्राची गाडी घेऊन निघालो. मलकापूर मागं टाकलं, घाट उतरलो. रोपवाटिका अजून चालू होती. एक चाळिशीतली बाई पिशव्यांमध्ये माती भरत बसली होती. आम्हाला बघून हात झटकत उठली.

"या. कलमं हवीत का?"

आक्काची नजर मागच्या पोफळीवर गेली. ती बाई तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "तुम्हीसुद्धा का?"

तिचं नाव शुभदा. श्रीकांतची बायको. तिला सगळं माहीत होतं. आमच्याआधी फसलेल्या बायकांचे फोन आले होते. एक तर थेट दारात येऊन शिव्या देऊन गेली होती. हारातला फोटो बघून मग तिथंच खाली बसून रडली.

"सकाळी व्हिडिओ काढला आणि दुपारी गेले," शुभदाताई म्हणाली. "छातीत दुखतंय म्हणाले, तेवढंच. मी पाणी आणायला आत गेले होते."

वैशूनं काय वाचलं ते आम्ही सांगितलं नाही. कसं सांगणार? नुसतं म्हटलं, हिला ओठ वाचता येतात, त्यावरून फसवणूक कळली. ते ऐकलं आणि ती बाई एकदम ताठ झाली. वैशूच्या समोर येऊन उभी राहिली, तिला नीट दिसेल अशी.

"काय बोलत होते ते? कलमांचं बोलत नव्हते ना?"

वैशूनं मान हलवली. नाही.

शुभदाताई पायरीवर बसली. "ते सगळे व्हिडिओ मी काढलेत. कॅमेरा माझ्या हातात असायचा. कुठं खोकतात, कुठं शब्द विसरतात, मला पाठ आहे. पण कॉलवर ते जे बोलतात ते मी कधी काढलेलंच नाही."

"कॉलवर? म्हंजे तुमाला बी...?" आक्कानं विचारलं.

तिनं खाली मान घालून सांगितलं. त्याच ॲपवर तिनं खोट्या नावानं खातं उघडलं होतं. पैसेवाली, एकटी बाई म्हणून. मुद्दाम त्या लोकांच्या गळाला लागायला. तिकडून बोलणाऱ्याचा आवाज ती बंद करून टाकायची आणि नुसती बघत बसायची. कॉल चालू राहावेत म्हणून तिनं त्यांना पैसेही पाठवले होते.

"माझ्याकडं बघून बोलतात हो. मला कळत नाही काय बोलतात. तुम्ही बसाल का माझ्याबरोबर? जेवणं झाली की कॉल येतो."

वैशूनं माझ्याकडं बघितलं नाही. लगेच हो म्हणाली.

त्या दोघी आतल्या खोलीत बसल्या. आक्का आणि मी बाहेर पडवीत. बसायला जागा एकच होती, खुर्ची... तीच. आम्ही उभेच राहिलो.

आतून हिंदी ऐकू यायला लागलं. त्या दिवशी तिनं आवाज चालूच ठेवला होता. तेच गोड बोलणं, फक्त नाव दुसरं. त्याखाली वैशूचा आवाज. वैशूला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो, हळू बोलणं तिला कधी जमलेलं नाही. त्या दिवशी जमलं. आम्हाला एक शब्द कळला नाही.

नेहमी दोन मिनिटांत अडकणारा कॉल चालूच राहिला. मग तिकडच्या माणसाचा गोडवा गेला. "हैलो... हैलो..." नंतर तो फोनपासून लांब कुणाशीतरी बोलतोय असं वाटलं. "अबे, ये कौन सा वाला चला दिया?" दुसरा कुणीतरी म्हणाला, "मैंने नहीं चलाया। ये अपने पास है ही नहीं।"

"कट कर ना!"

"हो नहीं रहा, भाई... कट नहीं हो रहा..."

काहीतरी पडल्याचा आवाज. खुर्ची सरकल्याचा. मग तिकडून कुणीच बोललं नाही. वैशू मात्र बोलत होती, हळू, न थांबता. आक्कानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. समोर पोफळीच्या झावळ्या हलत होत्या. वारं नव्हतं असं मी म्हणणार नाही, वारं होतं. साधी दुपार होती ती.

शेवटी दार उघडलं. शुभदाताईचे डोळे कोरडे होते. तिनं आधी सगळ्यांसाठी चहा ठेवला. मग माझ्यापाशी आली. "तुम्हाला यातलं कळतं ना? त्यांचा चॅनेल बंद करून द्या. सगळे व्हिडिओ पुसायचेत."

"ताई, त्या टोळीकडं कॉपी असणार. इथनं पुसून काही उपयोग नाही."

"असू देत. माझ्या बाजूनं तरी."

"एखादा तरी ठेवा की," आक्का म्हणाली. "आवाज तरी ऱ्हाईल जवळ."

"नको," शुभदाताई म्हणाली. "उठायचंय त्यांना."

श्रीकांतचं ते 'उठू देत नाहीत' आम्ही तिला सांगितलं नव्हतं. वैशूनंही आत सांगितलं नव्हतं, ते मी तिला नंतर विचारून घेतलं. मी एकेक व्हिडिओ पुसत गेलो, ती शेजारी उभी राहून बघत होती. शेवटच्याला तिनं स्वतः बोट लावलं.

त्यानंतर तिला त्या लोकांचा कॉल आलेला नाही. आक्कालाही पुन्हा तो चेहरा कुठं दिसला नाही. टोळी पकडली गेली का, की घाबरून दुसरा चेहरा घेतला, काही कळलं नाही. मी तंत्राच्या बाजूनं खूप डोकं चालवलं. जाणकारांना विचारलं. प्रत्येकाकडं एखाद्या तुकड्याचं उत्तर आहे, सगळ्याचं कुणाकडंच नाही. माझ्याकडंही नाही.

परत येताना घाटात आक्का पुढं माझ्या शेजारी बसली होती. मग वळून, वैशूला दिसेल असं तोंड करून तिनं विचारलं, "काय म्हणाला गं तो तिला?"

मी आरशातून बघितलं. वैशूनं प्रश्न वाचला होता, नक्की वाचला होता. तिनं आक्काचा हात एकदा दाबला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. तिनं तोंड फिरवलं की तिला काहीही विचारता येत नाही.

मलकापूर येईपर्यंत ती बाहेरच बघत होती.